टर्मिनल तुमच्या सेटिंगला दाद देत नाही तेव्हा: बदल नेमका कुठे अडतो ते कसं शोधायचं

फॉन्ट मोठा केला, नवी विंडो उघडली, अक्षरं तेवढीच बारीक. हिस्टरीची मर्यादा दहा हजारांवर नेली, दुसऱ्या दिवशी बघावं तर पुन्हा हजार. लिनक्स डेस्कटॉप वापरणाऱ्या बहुतेकांवर ही वेळ येते. मग जो तो नेटवरून मिळालेली तीच ओळ आणखी दोन-तीन फाइलींत चिकटवतो. कधी काम होऊनही जातं, पण कोणत्या फाइलीमुळे झालं ते कळत नाही. पुढच्या अपग्रेडनंतर ते बंद पडलं की शोध पुन्हा शून्यापासून सुरू. कळकळीने सांगतो, ती सवय सोडा. सेटिंग लागू न होण्याची कारणं तीनच प्रकारची असतात. एक तर तुमची फाइल कोणी वाचतच नाही. किंवा वाचतं, पण तुम्ही बदल करायच्या आधीच वाचून मोकळं झालेलं असतं. किंवा वेळेवर वाचतं आणि त्यानंतर दुसरंच कोणीतरी तुमचं मूल्य पुसून आपलं लिहितं. यातलं आपलं कारण कोणतं हे ठरेपर्यंत एकही ओळ बदलू नये.

या लेखात कमांड आणि फाइलींची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना अक्षरं आणि अंक रोमनच वापरा आणि लहान-मोठ्या अक्षरांचा फरक सांभाळा. वेगळं सांगितलं नसेल तिथे सगळं लहान लिपीत. होम फोल्डरसाठी ~ ही खूण वापरली आहे.

आधी समोर कोण आहे ते ओळखा

हा प्रश्न बाळबोध वाटतो, पण सध्या सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. नोम डेस्कटॉपने ४२व्या आवृत्तीत, म्हणजे २०२२मध्ये, जुन्या नोम टर्मिनलच्या जागी 'कन्सोल' हा नवा प्रोग्रॅम मूळ संचात घेतला. फेडोरा वर्कस्टेशनने ४१व्या आवृत्तीपासून 'टिक्सिस' आणला आणि उबुंटूनेही २५.१०मध्ये तोच स्वीकारला. मेनूत नाव 'टर्मिनल'च दिसतं, चिन्हही साधारण तसंच, पण आतला प्रोग्रॅम वेगळा. तुमची जुनी प्रोफाइल, रंग, फॉन्ट हे सगळं नोम टर्मिनलच्या खात्यात शाबूत पडलेलं असतं, आणि नव्या प्रोग्रॅमला त्याच्याशी काही देणंघेणं नसतं. अपग्रेडनंतर 'सगळी सेटिंग उडाली' अशी तक्रार असेल तर पहिला संशय हाच घ्या.

ओळखायला दोन वाटा. विंडोच्या मेनूत 'अबाउट' उघडा, किंवा त्याच विंडोत 'पीएसट्री -एसपी $$' ही कमांड चालवा. तुमच्या शेलपासून (म्हणजे तुम्ही टाइप केलेली कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅमपासून) वरच्या सगळ्या पूर्वजांची साखळी एका ओळीत दिसते आणि त्यात टर्मिनलचं खरं नाव असतं. त्या साखळीत 'टीमक्स' (एकाच टर्मिनलमध्ये अनेक शेल चालवणारा प्रोग्रॅम) दिसलं तर तेही टिपून ठेवा, ते पुढे लागेल.

टर्मिनल फ्लॅटपॅकमधून (प्रोग्रॅम बाकी सिस्टिमपासून वेगळा ठेवून बसवण्याची पद्धत) बसवलं असेल तर तो साधारणपणे ~/.कॉन्फिगमधली फाइल बघत नाही. त्याचं स्वतःचं घर ~/.व्हार/अ‍ॅप या फोल्डरात, प्रोग्रॅमच्या ओळखनावाखाली असतं, आणि सेटिंगचा 'कॉन्फिग' फोल्डरही तिथेच. नेटवरच्या सूचना बहुधा नेहमीच्या पॅकेजसाठी लिहिलेल्या असतात, त्यामुळे त्या तंतोतंत पाळूनही काही होत नाही.

आता कामाची वाटणी लक्षात घ्या. फॉन्ट, रंगांचा संच, विंडोचा आकार, किती ओळी वर सरकवता येतात, हे टर्मिनलचं काम. प्रॉम्प्ट (कमांड टाइप करण्याआधी दिसणारा मजकूर), एलियस (कमांडची टोपणनावं), पाथ (कमांड शोधायच्या फोल्डरांची यादी), कमांडची हिस्टरी हे शेलचं काम, म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत बॅशचं. विंडोच्या शीर्षकावर मात्र दोघंही हक्क सांगतात आणि जिंकतो शेल. डेबियन-उबुंटूच्या मूळ .बॅशआरसी फाइलीत प्रॉम्प्टमध्येच एक छुपा संकेत घातलेला असतो, तो दर प्रॉम्प्टला शीर्षक नव्याने लिहितो. तुम्ही टर्मिनलकडून ठेवलेलं शीर्षक क्षणभर दिसून गायब होतं ते यामुळे. त्यावर उपाय टर्मिनलच्या सेटिंगमध्ये सापडणार नाही. .बॅशआरसीमध्ये 'एक्सटर्म' आणि 'आरएक्सव्हीटी' या नावांवर चालणारा 'केस'चा तुकडा शोधून त्यातली पीएस१ची (प्रॉम्प्टचा मजकूर ठेवणारं व्हेरिएबल, मोठी अक्षरं) ओळ बंद करावी लागते.

टर्मिनलच्या बाजूने तपास

नोम टर्मिनलमध्ये सेटिंग प्रोफाइलनिहाय असतात आणि दुसरी प्रोफाइल बनवून तिच्यात बदल केले की नवी विंडो आपोआप ती घेत नाही. तिला 'डिफॉल्ट' म्हणून नेमावं लागतं. प्रोफाइल बरोबर असूनही रंग बदलत नसतील तर 'सिस्टिम थीमचे रंग वापरा' ही चौकट बघा. तिच्यात खूण असेल तोवर तुमची रंगनिवड नुसती जपून ठेवलेली राहते, वापरली जात नाही. फॉन्टचंही तसंच. 'कस्टम फॉन्ट'वर खूण नसेल तर डेस्कटॉपचा सर्वसाधारण मोनोस्पेस फॉन्टच येणार.

सगळ्या चौकटी बरोबर आहेत आणि तरी फरक नाही, अशा वेळी 'डीकॉन्फ वॉच /' ही कमांड वापरा. नोमची सगळी सेटिंग डीकॉन्फ नावाच्या एकाच कोठारात जातात आणि ही कमांड त्या कोठारावर पहारा ठेवते. एका विंडोत ती चालू ठेवा, दुसऱ्या विंडोत प्रेफरन्सेस उघडून फॉन्टचा आकार एकाने वाढवा. लगेच पहिल्या विंडोत मार्ग आणि त्याखाली नवं मूल्य उमटलं पाहिजे. मार्गात प्रोफाइलचा लांबलचक ओळखक्रमांक असतो. तो समोरच्या विंडोच्या प्रोफाइलचा नसेल तर तुम्ही चुकीच्या प्रोफाइलमध्ये बदल करत आहात. काहीच उमटलं नाही तर बदल कोठारापर्यंत पोचतच नाही.

न पोचण्याचं नेहमीचं कारण म्हणजे फाइलीची मालकी. कधीतरी सुडो लावून एखादा ग्राफिकल प्रोग्रॅम चालवला जातो आणि ~/.कॉन्फिग/डीकॉन्फमधली 'युजर' ही फाइल रूटच्या, म्हणजे व्यवस्थापक खात्याच्या, नावावर जाते. मग प्रत्येक बदल निमूटपणे वाया जातो. 'एलएस -एल' लावून मालक बघा. तिथे रूट दिसला तर सुडो आणि 'सीएचओन -आर' (आर मोठा) वापरून तो फोल्डर परत स्वतःच्या नावावर करा, लॉगआउट करून परत या. कॉलेजच्या किंवा कार्यालयाच्या यंत्रावर आणखी एक शक्यता असते. व्यवस्थापकाने /ईटीसी/डीकॉन्फ/डीबीखालच्या 'लॉक्स' फोल्डरात काही किल्ल्या कुलूपबंद केलेल्या असू शकतात. ते तुमच्या हातातलं नाही. सरळ त्यांना विचारा.

केडीई डेस्कटॉपच्या कॉन्सोलमध्ये (नोमच्या 'कन्सोल'पेक्षा हा वेगळा, रोमनमध्ये 'के'ने सुरू होणारा) प्रोफाइलींच्या फाइली ~/.लोकल/शेअर/कॉन्सोलमध्ये असतात, आणि इथेही नवी प्रोफाइल डिफॉल्ट न केल्याचा घोळ नेहमीचाच. विंडोचा आकार ऐकत नसेल तर मुख्य सेटिंगमधला 'विंडोचा आकार लक्षात ठेवा' हा पर्याय काढा. तो चालू असताना मागच्या वेळी विंडो ज्या आकारात बंद झाली तोच परत येतो, प्रोफाइलमधल्या ओळी-स्तंभांना कोणी विचारत नाही.

अ‍ॅलाक्रिटीचा मामला वेगळा. २०२३च्या डिसेंबरमध्ये आलेल्या ०.१३ आवृत्तीपासून त्याची सेटिंग यॅमलऐवजी टॉमल स्वरूपात लिहायची असतात. जुन्या ब्लॉगवरून उचललेला यॅमलचा तुकडा नव्या फाइलीत टाकला तर चालणार नाही. 'अ‍ॅलाक्रिटी मायग्रेट' ही कमांड जुनी फाइल नव्या स्वरूपात करून देते. शिवाय तो ठरलेल्या क्रमाने काही जागा तपासतो आणि पहिली सापडलेली फाइल घेतो, त्यामुळे होम फोल्डरातली फाइल बदलत बसाल तर ~/.कॉन्फिग/अ‍ॅलाक्रिटीमधली तिच्या आधी हजर असते. किटीमध्ये बदल केल्यावर कंट्रोल-शिफ्ट-एफ५ दाबून सेटिंग पुन्हा वाचायला लावावी लागते, आणि कंट्रोल-शिफ्ट-एफ६ दाबलं की प्रत्यक्षात काय लागू आहे ते दिसतं (जुन्या आवृत्त्यांत त्यासाठी 'किटी --डीबग-कॉन्फिग' होतं). अशी सोय प्रत्येक टर्मिनलमध्ये असायला हवी होती.

एक्सटर्म: इथे थोडं थांबावं लागेल

एक्सटर्मचा जन्म १९८४चा. त्याला सेटिंगची खिडकी नाही. तो एक्स सर्व्हरच्या, म्हणजे पडद्यावर विंडो काढणाऱ्या जुन्या यंत्रणेच्या, संसाधन-कोठारातून आपली मूल्यं घेतो. 'एक्सटर्म माझ्या फाइलीकडे बघत नाही' ही तक्रार शब्दशः खरी असते, कारण तो .एक्सरिसोर्सेस ही फाइल स्वतः कधीच उघडत नाही. ती फाइल वाचून सर्व्हरच्या कोठारात भरण्याचं काम एक्स-आर-डी-बी या कमांडचं आहे. फाइल बदलली आणि 'एक्सआरडीबी -मर्ज ~/.एक्सरिसोर्सेस' चालवलं नाही तर सर्व्हरला बदलाचा पत्ताच नसतो. (फाइलीच्या नावात एक्स मोठा.) चालवल्यावरही आधीच्या विंडो जुन्याच राहतात, बदल दिसतो तो नव्या विंडोत. कोठारात या घडीला काय आहे ते 'एक्सआरडीबी -क्वेरी' दाखवतं. तुमची ओळ त्या यादीत नसेल तर एक्सटर्मकडून काही अपेक्षा करण्यात अर्थ नाही.

'-मर्ज' फक्त भर घालतं. फाइलीतून एखादी ओळ काढून टाकून पुन्हा मर्ज केलं तर ती ओळ सर्व्हरच्या कोठारात तशीच राहते, म्हणून 'काढलेला रंग अजून दिसतोय' असा भास होतो. पाटी कोरी करून नव्याने भरायचं असेल तर '-लोड' वापरा, मात्र त्याने डेस्कटॉपने स्वतः भरलेली मूल्यंही जातात हे लक्षात ठेवा.

बऱ्याच जुन्या लेखांत .एक्सडिफॉल्ट्स (इथेही एक्स मोठा) या फाइलीचा सल्ला असतो. तो आज का चालत नाही? ती फाइल तेव्हाच वाचली जाते जेव्हा सर्व्हरच्या मूळ विंडोवर संसाधन-कोठार अजिबात नसतं. आजचे डेस्कटॉप सुरू होतानाच तिथे निदान पडद्याचा डीपीआय (इंचामागे किती ठिपके) तरी लिहून ठेवतात. कोठार हजर झालं की .एक्सडिफॉल्ट्सकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. म्हणून तीच फाइल अगदी साध्या विंडो मॅनेजरवर चालते आणि मोठ्या डेस्कटॉपवर चालत नाही.

एक्सच्या जागी आलेल्या वेलँड या नव्या यंत्रणेवर आणखी एक पेच. डेबियन-उबुंटूमध्ये एक्सच्या सत्राची सुरुवात करणाऱ्या स्क्रिप्ट .एक्सरिसोर्सेस आपोआप भरत असत. वेलँड सत्रात त्या स्क्रिप्ट चालत नाहीत. एक्सटर्म तिथेही एक्सवेलँडच्या (वेलँडवर एक्सचे प्रोग्रॅम चालवणारा दुवा) आधाराने उघडतो, पण डेस्कटॉपने ती फाइल दुसऱ्या वाटेने भरली नसेल तर तुमच्या मूल्यांशिवाय. दोन मार्ग आहेत. एक म्हणजे लॉगइनच्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांत एक्सआरडीबीची कमांड घालायची. दुसरा म्हणजे 'एक्सएन्व्हायरन्मेंट' (सगळी मोठी अक्षरं) या व्हेरिएबलमध्ये फाइलीचा पूर्ण मार्ग द्यायचा. मग एक्सटर्म ती फाइल सुरू होताना थेट वाचतो. मला दुसरा मार्ग जास्त भरवशाचा वाटतो, कारण त्यात कोण आधी सुरू झालं याला महत्त्व राहत नाही.

आता फाइलीच्या आतल्या खोड्या. टिपणीची खूण ! आहे, # नाही. # ने सुरू होणारी ओळ एक्सआरडीबी पूर्वप्रक्रियेकडे देतं आणि भलताच गोंधळ होतो. वर्गाचं, म्हणजे प्रोग्रॅमच्या जातीचं, 'एक्सटर्म' हे नाव लिहिताना एक्स आणि टी ही दोन्ही अक्षरं मोठी हवीत. त्यातलं एक जरी लहान पडलं तर ओळ निरर्थक होते, आणि चूक झाल्याचा एकही संदेश येत नाही. मूल्यानंतर ओळीच्या शेवटी राहिलेली मोकळी जागा मूल्याचाच भाग धरली जाते, म्हणून बरोबर लिहिलेलं रंगाचं नावसुद्धा ओळखलं जात नाही. शेवटची गोष्ट म्हणजे दोन ओळींत विरोध आला तर फाइलीत खाली असलेली ओळ जिंकत नाही, जास्त नेमकी असलेली जिंकते. वर्गाच्या नावाने लिहिलेल्या ओळीपेक्षा लहान लिपीतल्या 'एक्सटर्म' या विशिष्ट नावाने लिहिलेली ओळ वरचढ ठरते. दोन्ही ओळी एका फटक्यात बघायच्या तर 'अ‍ॅपरेस' कमांडला वर्ग आणि नाव दोन्ही द्या. एक्सटर्मला मिळणारी सगळी मूल्यं ती छापते.

शेलच्या बाजूने तपास

हिस्टरीचं उदाहरण घेऊ, कारण त्यात सगळा खेळ दिसतो. समजा तुम्ही ~/.प्रोफाइलमध्ये 'हिस्टसाइझ' (सगळी मोठी अक्षरं) १०००० करून एक्सपोर्ट केलं. लॉगइनच्या वेळी ते वाचलं गेलं, डेस्कटॉपला मिळालं, तिथून टर्मिनलला मिळालं. इथवर सगळं ठीक. मग टर्मिनलने बॅश सुरू केला, बॅशने ~/.बॅशआरसी वाचली, आणि डेबियन-उबुंटूच्या मूळ फाइलीत लिहिलेलंच आहे की हिस्टसाइझ १००० आणि हिस्टफाइलसाइझ २०००. तुमचं मूल्य आलं होतं, नंतरच्याने पुसलं. .प्रोफाइलमध्ये कितीही मोठा आकडा लिहा, काही होणार नाही. तोच आकडा .बॅशआरसीमधल्या त्या ओळींवर लिहिला की प्रश्न मिटला.

बॅश कधी काय वाचतो हे एकदा पक्कं करून घ्या. टर्मिनलमध्ये साधा उघडलेला शेल .बॅशआरसी वाचतो. लॉगइन शेल, म्हणजे एसएसएचने (दुसऱ्या यंत्रावरून नेटवर्कमार्गे) आलेला किंवा प्रोफाइलमध्ये 'लॉगइन शेल म्हणून चालवा' अशी खूण असलेला, आधी /ईटीसी/प्रोफाइल वाचतो आणि मग ~/.बॅश_प्रोफाइल, ~/.बॅश_लॉगइन, ~/.प्रोफाइल या तिघांपैकी जी पहिली सापडेल तेवढीच. बाकीच्या दोन वगळल्या जातात. हा नियम कळला की एक नेहमीचं कोडं सुटतं. एखाद्या इन्स्टॉलरने ~/.बॅश_प्रोफाइल नावाची नवी फाइल बनवली, त्यात आपली पाथची ओळ लिहिली, आणि त्या दिवसापासून तुमची .प्रोफाइल वाचली जाणं बंद. उबुंटूमध्ये .बॅशआरसीला बोलावणं .प्रोफाइलच करत असते, त्यामुळे लॉगइन शेलमधून सगळे एलियसही गेले. उपाय सोपा आहे: ती नवी ओळ .प्रोफाइलमध्ये हलवा आणि .बॅश_प्रोफाइल काढून टाका.

आपला शेल लॉगइन शेल आहे का, हे 'शॉप्ट लॉगइन_शेल' सांगतं. शेल बॅशच आहे ना, हेही 'पीएस -पी $$' ने बघून घ्या. मॅकवर २०१९च्या कॅटलिनापासून नव्या खात्याला झेड-शेल मिळतो आणि तिथलं टर्मिनल दर वेळी लॉगइन शेलच उघडतं, म्हणून तिथे .बॅशआरसीत लिहिलेलं बहुतेकदा वाऱ्यावर जातं.

कोणती ओळ शेवटी लिहून जाते ते डोळ्यांनी सापडत नसेल तर बॅशलाच बोलतं करा. आधी पीएस४ या व्हेरिएबलमध्ये '+$बॅश_सोर्स:$लाइननो: ' असं मूल्य एकेरी अवतरणात देऊन एक्सपोर्ट करा (पीएस४सकट सगळी नावं मोठ्या अक्षरांत). मग 'बॅश -एक्सआय -सी एक्झिट २> /टीएमपी/माग' चालवा. सुरू होताना बॅशने ज्या ज्या ओळी चालवल्या त्या सगळ्या, फाइलीच्या नावासकट आणि ओळीच्या क्रमांकासकट, 'माग' फाइलीत येतात. त्यात 'ग्रेप' लावून हिस्टसाइझ शोधा. जितक्या ठिकाणी ते बदललं तितक्या ओळी मिळतील आणि शेवटची ओळ म्हणजेच तुमचं उत्तर. अंदाजाने दहा फाइली उघडण्यापेक्षा हे कितीतरी सरळ आहे. प्रॉम्प्टचा प्रश्न असेल तर पीएस१बरोबर 'प्रॉम्प्ट_कमांड' (मोठी अक्षरं) हेही शोधा, कारण ती कमांड दर प्रॉम्प्टआधी चालते आणि पीएस१ नव्याने लिहू शकते.

वेळेचा घोळ इथेच सगळ्यात जास्त होतो. .प्रोफाइलमधला बदल नवी टर्मिनल विंडो उघडून दिसत नाही. नोम टर्मिनलच्या सगळ्या विंडो एकाच मागे चालणाऱ्या सर्व्हर प्रोसेसच्या असतात आणि तिने आपलं वातावरण लॉगइनच्या वेळीच उचललेलं असतं. लॉगआउट करून परत या. टीमक्सचं तर याहून पुढचं. त्याची सेटिंग फाइल फक्त त्याचा सर्व्हर पहिल्यांदा सुरू होताना वाचली जाते. टर्मिनलच्या सगळ्या विंडो बंद केल्या तरी सर्व्हर जिवंत असतो. 'टीमक्स सोर्स-फाइल' आणि पुढे फाइलीचा मार्ग एवढं पुरतं.

मराठी अक्षरांचा फॉन्ट बदलत नाही तेव्हा

आपल्याकडे ही तक्रार हमखास येते: फॉन्ट बदलला, इंग्रजी अक्षरं बदलली, देवनागरी तशीच. टर्मिनल तुमचं ऐकतंय. निवडलेल्या मोनोस्पेस फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरंच नाहीत, म्हणून फॉन्टकॉन्फिग (प्रोग्रॅमांना फॉन्ट निवडून देणारी यंत्रणा) ती दुसऱ्या फॉन्टमधून आणतं. कोणत्या, ते 'एफसी-मॅच मोनोस्पेस:लँग=एमआर' सांगतं. आवडीचा देवनागरी फॉन्ट पुढे आणायचा तर ~/.कॉन्फिग/फॉन्टकॉन्फिगमधल्या 'फॉन्ट्स.कॉन्फ'मध्ये मोनोस्पेससाठी त्याला प्राधान्य द्या. जोडाक्षरं तुटलेली दिसणं हा मात्र सेटिंगचा विषय नाही. एक्सटर्म एकेका चौकटीत एकेक अक्षर काढतो, जोडाक्षर घडवत नाही. मराठी मजकूर रोज टर्मिनलमध्ये वाचायचा असेल तर केडीईचा कॉन्सोल किंवा खास अशा लिप्यांचा विचार करून बनवलेलं एमएलटर्म वापरून बघा.

काहीच जुळत नसेल तर

दोन चाचण्या उरतात. पहिली: यंत्रावर नवं खातं बनवा आणि तेवढा एकच बदल तिथे करून बघा. तिथे चालला तर दोष तुमच्या होम फोल्डरात, नाही चालला तर सिस्टिममध्ये. दुसरी: टर्मिनल 'एसट्रेस -एफ -ई ओपनॅट' लावून सुरू करा आणि तो कोणत्या फाइली उघडायला जातो ते वाचा. तुमच्या फाइलीचा मार्ग यादीत नसेल तर ती वाचलीच जात नाही. मार्ग असून पुढे 'एनोएन्ट' दिसलं तर फाइल त्याला हव्या त्या जागी नाही, आणि कुठे हवी ते त्याच ओळीत लिहिलेलं असतं. नोम टर्मिनलसाठी ही चाचणी फसवी आहे, कारण खरं काम सर्व्हर प्रोसेस करते. तिथे डीकॉन्फचा पहाराच बरा.

बरेच जण फाइल वाचली जाते का ते बघायला तिच्यात 'इको'ची ओळ टाकतात. पद्धत चांगली आहे, फक्त ती ओळ .बॅशआरसीत अगदी वर टाकली असेल तर काम झाल्यावर न विसरता काढा. एसएसएचने आलेल्या, संवाद नसलेल्या कामांसाठीही बॅश ती फाइल वाचतो. उबुंटूच्या फाइलीत सुरुवातीलाच अशा शेलला परत पाठवणारा तुकडा असतो. त्याच्या वर राहिलेली इकोची ओळ एससीपी आणि आरसिंकच्या संवादात घुसते, आणि दुसऱ्या यंत्रावरून फाइली आणणं बंद पडतं.